दोन शर्यतींच्या मधे

मार्ल्बीचा मोटारसायकल शर्यतींचा ट्रॅक बंद पडला, असं ग्लेनिस ट्रँटरसमोर म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच, तर ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे वळायची.

"बंद कुठं पडलाय? दोन शर्यतींच्या मधे आहे."

आणि मागची शर्यत होऊन दोन उन्हाळे उलटले ना गं, असं कोणी वर तोंड करून विचारलं, तर म्हणायची, "हो, मधला वेळ जरा लांबलाय. तुझ्या बडबडीला मधला वेळ कधी मिळतो तेवढं सांग."

खरं काय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मैदानाचा मालक प्रूएट. त्यानं आधी प्रेक्षकांचा स्टँड धोक्याचा आहे म्हणून पाडला. स्टँड नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणून शर्यती नाहीत. आणि मग हाच गडी सरकारदरबारी अर्ज घेऊन उभा राहिला, की बघा हो, इथं शर्यतीच होत नाहीत, तर मला घरं बांधू द्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण दोन गोष्टी त्याच्या आड येत होत्या. ट्रॅकचा भाडेकरार अजून गावच्या शर्यतींच्या क्लबच्या नावावर होता. आणि त्या भागाच्या आराखड्यात अट होती, की खेळाचं मैदान लोकांनी 'सोडून दिलेलं' आहे असं ठरल्याशिवाय तिथं एक वीट लावता यायची नाही.

म्हणून ग्लेनिस यायची. ती आणि दोन म्हातारे. इव्होर पेल ट्रॅक्टर चालवायचा. जन्मभर त्यानं त्या सपाट, पाणथळ मुलखातले कालवे उपसले होते, आणि बोलायचा इतकं कमी की त्याच्या बायकोला तो घरी आलेला कळायचा नाही. दुसरा केल्विन ब्रेथवेट. त्याचा बाप जमैकाहून आला होता, आणि हा स्वतः एकेकाळी कावळ्यांकडून शर्यती मारायचा. कावळे म्हणजे मार्ल्बीचा संघ. शेजारच्या गावानं चिडवायला ठेवलेलं नाव, ते यांनी छातीवर शिवून घेतलं होतं. पगार कोणालाच नव्हता. फ्लास्कमधला चहा आणि ग्लेनिसच्या हातचं ब्रेड पुडिंग, एवढ्यावर सगळं चालायचं.

काम तसं एकच. या शर्यतीच्या मोटारसायकलींना ब्रेक नसतात. वळण आलं की स्वार डावा पाय जमिनीला टेकवतो, मागचं चाक मुद्दाम आडवं सोडतो आणि तसाच घसरत वळण काढतो. त्या चाकाखालचा लाल मुरूम उडतो आणि बाहेरच्या कुंपणाशी जाऊन पडतो. शर्यती संपल्या की आतली कड उघडीबोडकी आणि बाहेर मुरमाचा ढीग. मग ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी फळीनं तो सगळा आत ओढायचा, कडेकडेचा दाताळ्यानं ओढायचा, चर बुजवायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पुढच्या शर्यतीत तो पुन्हा बाहेर जातो. ग्लेनिस हे चाळीस वर्षं करत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी करायची, निवृत्त झाल्यावर रोज करायला लागली.

तिला काही दाताळं धरायचं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती तेव्हाच्या मॅनेजरकडे गेली होती. भावाच्या भंगार गाडीवर बीटच्या शेतात वळणं मारून मारून हात बसला होता, म्हणाली, मला एकदा ट्रॅकवर सोडा. मॅनेजर हसला. बायकांना बंदी आहे पोरी, म्हणाला, एवढीच हौस असेल तर ते दाताळं घे. तिनं ते घेतलं. रागानं घेतलं, आणि मग खाली ठेवायचं राहूनच गेलं.

तिचा एकच नियम होता. रोलर फिरला, की ट्रॅकवर पाय द्यायचा नाही. गावचे पाद्री एकदा गडबडीत आडवे चालत गेले, तर तिनं त्यांना दाताळं दिलं आणि स्वतःच्या पावलांच्या खुणा उलट्या पावली पुसत परत जायला लावलं. पाद्री गेले बिचारे. देवाला एक वेळ तोंड देता येईल, ग्लेनिसला नाही, असं ते नंतर सांगत फिरायचे.

तर, सोमवारी सरकारी निरीक्षक येणार होत्या. मैदान सोडून दिलेलं आहे की नाही, ते त्या बघून ठरवणार. त्याच्या आधीच्या शनिवारी केल्विननं ओळखीपाळखीतून दुसऱ्या क्लबचे दोन स्वार सरावाला बोलावले. दुपारभर पोरांनी धुमाकूळ घातला. तिसऱ्या वळणावर गुडघ्याएवढा ढीग कुंपणाला लागला, आतल्या कडेला तर खालची कठीण जमीन दिसायला लागली. केल्विन खुशीत होता. इव्होर ट्रॅक्टरवर बसून त्या नासधुशीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "हे असंच ठेवायचं का सोमवारपर्यंत?"

"असंच?" ग्लेनिस म्हणाली. "पाहुणी घरी यायची आणि घरात हा पसारा? तुझ्या बायकोला विचार, चालेल का तिला."

इव्होर पुढं काही बोलला नाही. ती त्याची जुनी खोड.

रविवारचा अख्खा दिवस तिघं राबले. ग्लेनिसनं तिसरं वळण स्वतः केलं. गुडघे धरले, पाठ धरली, पण चर म्हणून ठेवला नाही. पाणी इतकं बेतानं मारलं की मुरूम ना उडेल ना चिकटेल. संध्याकाळी रोलर फिरला, आणि ट्रॅक असा पसरला होता की त्यावर चिमणीनं पाय दिला असता तरी कळलं असतं. तिघांनी कुंपणाला टेकून चहा घेतला. ग्लेनिसला फार बरं वाटत होतं. आता कोण म्हणेल सोडून दिलंय, बघतेच, असं ती मोठ्यानं म्हणाली.

सोमवारी निरीक्षक आल्या. मिस ओकशॉट. गमबूट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या, कागद पावसात भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणाऱ्या. त्यांच्यामागून प्रूएटचा वकील आला, पिल्बीम नावाचा. चकचकीत बूट आणि अंगात गडद हिरवा कोट.

"हिरवा घालून आलाय मेला," केल्विन पुटपुटला. शर्यतीच्या लोकांत हिरवा रंग अपशकुनी. केल्विननं इव्होरचा हिरवा फ्लास्कसुद्धा रंगवून काळा केला होता.

"त्याला अपशकुन होऊ दे की," ग्लेनिस म्हणाली. "आपल्या अंगावर थोडाच आहे."

निरीक्षकबाई कुंपणाच्या कडेनं एक पूर्ण चक्कर मारून आल्या. कशाला हात लावला नाही, ट्रॅकवर पाय ठेवला नाही. ग्लेनिसला त्या तेवढ्यानंच आवडल्या. मग पिल्बीम पुढं झाला. आवाजात लोणी.

"मिसेस ट्रँटर, मनापासून सांगतो, फार सुंदर ठेवलंय तुम्ही हे."

"ठेवणारच."

"माझं एकच काम आहे. यावर मला चाकाची एक खूण दाखवता? एकच."

ग्लेनिसची नजर ट्रॅकभर फिरून आली.

"कुठलीही," पिल्बीम म्हणाला. "सायकलची असली तरी चालेल." मग तो निरीक्षकबाईंकडे वळला. "ही बाग आहे, मॅडम. उत्तम निगा राखलेली बाग. तीन ज्येष्ठ नागरिकांचा छंद आहे, आणि मला त्याबद्दल आदरच आहे. पण इथं मोटारसायकल चालत नाही. जमीनच सांगतेय ते."

"शनिवारी दोघांनी सराव केलाय इथं," केल्विन म्हणाला. "दुपारभर."

"खुणा?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"पुसल्या," ग्लेनिस म्हणाली.

"का?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

निरीक्षकबाईंनी क्षणभर डोळे मिटले. वाईट बाई नव्हत्या त्या. म्हणाल्या, "मिसेस ट्रँटर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला दिसतं तेवढंच लिहिता येतं. ऐकलेलं लिहिता येत नाही."

ग्लेनिसच्या कानशिलांत रक्त चढलं. प्रूएटला दोन वर्षं जमलं नाही ते तिनं एका रविवारात करून दिलं होतं. आपल्याच हातानं पायावर धोंडा, आणि तोही दाताळ्यानं नीट ओढून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली आणि स्वतःचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण पिल्बीमसमोर रडायचं, तर त्यापेक्षा त्याचे ते चकचकीत बूट पुसलेले काय वाईट. तिनं नाक ओढलं.

"मी काढतो गाडी," केल्विन म्हणाला आणि लंगडत शेडकडे निघाला.

ग्लेनिस त्याच्या मागं धावली. शेडमध्ये त्याची जुनी गाडी झाकून ठेवलेली होती. दर आठवड्याला तिचं इंजिन सुरू करून बघायचा तो, नुसता वास घ्यायला.

"त्या गुडघ्यावर?" ती म्हणाली. "नवा बसवून तीन महिने नाही झाले. डावाच आहे तो. सगळं वळण डाव्या पायावर असतं, हे मी तुला सांगू?"

"मग कोण चालवणार? इव्होर? त्याला ट्रॅक्टरवरून उतरवायला दोन माणसं लागतात."

"बूट दे."

"कुठला बूट?"

"लोखंडाचा. तुझा पाय बायकी आहे, मला येईल तो."

केल्विन तिच्याकडे बघत राहिला. डाव्या बुटाला खालून पट्ट्यांनी बांधायचा तो लोखंडी तळ भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. त्यानं तो काढला, पण दिला नाही.

"ग्लेनिस, हिला ब्रेक नाहीत, बाई."

"ठाऊक आहे. ब्रेक नसलेल्यांनी काय काय केलं ते चाळीस वर्षं मीच सारवलंय."

"पडलीस म्हणजे?"

"पडले म्हणजे खूण होईल ना? तेच हवंय त्याला. दे इकडं."

त्याचा चामड्याचा पोशाख तिला खांद्यात ढगळ आणि कमरेत घट्ट झाला. हेल्मेटमध्ये त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. ती गाडी ढकलत बाहेर आली तशी पिल्बीमची भुवई वर गेली.

"हे काय चाललंय? मॅडम, याला अर्थ नाही. हे सगळं नुसतं दाखवण्यासाठी आहे."

"शर्यत दाखवण्यासाठीच असते, बाळा," ग्लेनिस म्हणाली. "म्हणून तर तुझ्या मालकानं स्टँड पाडला."

इव्होर हसला. इव्होरला हसताना कोणी बघितलं नव्हतं.

"यांना काही झालं तर जबाबदारी कोणाची?" पिल्बीमनं विचारलं.

"ट्रॅक त्यांच्या कराराचा आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या आणि कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. "त्या त्यावर काय करतात, हेच बघायला मला पाठवलंय."

फाटक उघडलं. गाडी चालवायची भीती ग्लेनिसला वाटली नाही. पहिलं पाऊल टाकायची वाटली. समोर तो कालचा ट्रॅक, अंगभर सारखा, लाल, ओलसर. तिचे पाय ऐकेचनात. चाळीस वर्षं ज्याच्या-त्याच्यावर ओरडून पायांना जी सवय लागली होती, ती आता तिलाच नाही म्हणत होती. मग तिनं लोखंडी तळाचा पाय उचलला आणि जाणूनबुजून, टाच रुतवून खाली ठेवला.

"आतल्या कडेनं जा," केल्विन म्हणाला. "हाणू नकोस. चार फेऱ्या झाल्या की पुरे." तो आणि इव्होर मागून ढकलत पळाले, म्हणजे पळाल्यासारखं काहीतरी केलं, आणि इंजिन पेटलं.

पहिली फेरी म्हणजे बाजाराला निघालेली बाई. ताठ बसलेली, आतल्या कडेला चिकटून, वळणावर अगदी जपून. मागं एक बारीक रेघ उमटली, बस्स. पिल्बीम गालात हसला. ते हसू तिला हेल्मेटच्या आतून दिसलं, आणि तिथं तिचं बिनसलं. दुसऱ्या फेरीत वळण आलं तेव्हा तिला बीटचं शेत आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा ते तिच्या हातांनाच आठवलं. तिनं डावा पाय टाकला, मूठ पिळली, आणि मागचं चाक बाहेर गेलं.

गेलं ते गेलंच. काल तिनं दाताळ्यानं ओढून आणलेला मुरूम तिच्याच चाकाखालून उडून कुंपणाच्या फळ्यांवर धडाधड बसला. पिल्बीम मागं सरकला, पण कोटावर लाल शिंतोडे आलेच. तिसऱ्या फेरीला वळण आधीपेक्षा बरं आलं. ग्लेनिस ओरडत होती. काय ओरडत होती ते कोणाला कळलं नाही, आणि नंतर विचारलं तर सांगायलाही तयार नव्हती.

चौथ्या फेरीत, तिसऱ्याच वळणावर, तिनं मूठ जरा जास्तच पिळली. गाडी आडवी झाली ती झालीच, बाई आणि गाडी दोघी मुरूम नांगरत कुंपणापर्यंत गेल्या. इंजिन बंद पडलं. एकदम शांत झालं सगळं.

मग ती उठली. तोंडातला मुरूम थुंकली. केल्विन लंगडत, शिव्या देत तिच्याकडे निघाला होता.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "हात लावलास तर बाद होईन मी."

नियमच तसा आहे. पडलेल्या स्वारानं गाडी स्वतः ढकलत रेषेपार नेली तर त्याची फेरी धरतात, दुसऱ्यानं बोट लावलं तर नाही. केल्विन आहे तिथं थांबला. आयुष्यात एकदा, पावसात, त्यानं स्वतः अशी गाडी ढकलली होती, आणि त्या एका गुणासाठी सगळा स्टँड उभा राहिला होता. आता स्टँड नव्हता. ग्लेनिसनं गाडी उभी केली आणि ढकलायला लागली. डाव्या पायाचं लोखंड दर पावलाला रुतत होतं. आतल्या गवतावरून निरीक्षकबाई तिच्या बरोबरीनं चालत होत्या. इव्होर रेषेशी जाऊन उभा राहिला आणि त्याला काय सुचलं कोण जाणे, फ्लास्कला गुंडाळलेला चौकडीचा टॉवेल काढून त्यानं तो शर्यत संपल्याच्या झेंड्यासारखा हलवला.

"कितवी आले?" रेषा ओलांडल्यावर ग्लेनिसनं विचारलं.

"पहिली," केल्विन म्हणाला. "आणि शेवटचीसुद्धा."

निरीक्षकबाईंनी कड ओलांडली आणि त्या ट्रॅकवर उतरल्या. इव्होरनं सवयीनं दचकून ग्लेनिसकडे बघितलं. ती हेल्मेट काढत होती. बाई तिसऱ्या वळणावर गेल्या, वाकल्या, चरात हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी फोटो घेतले आणि पिशवीतून कागद काढला.

"सोडून दिलेलं मैदान, असं मला लिहिता येणार नाही, मिस्टर पिल्बीम."

"एका बाईच्या एका चकरेवरून?"

"शनिवारचं मी बघितलं नाही. हे बघितलं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ट्रॅकची सध्याची स्थिती, असा एक रकाना आहे इथं. काय लिहू, मिसेस ट्रँटर?"

"दोन शर्यतींच्या मधे," ग्लेनिस म्हणाली.

निरीक्षकबाईंनी तसंच लिहिलं. पिल्बीम कोटावरचे डाग रुमालानं चोळत गाडीकडे गेला, आणि चोळून ते आणखी पसरले.

सगळे गेल्यावर केल्विननं गाडी शेडमध्ये नेली. ग्लेनिस उलट्या बादलीवर बसून लोखंडाच्या पट्ट्या सोडत होती. खांदा ठणकत होता, उद्या आणखी ठणकणार होता. तेवढ्यात तिला ओळखीचा आवाज आला. तिसऱ्या वळणावर इव्होर दाताळं घेऊन उभा होता आणि तिच्या चरात मुरूम ओढत होता. त्याचं काय चुकलं? इतकी वर्षं तिनंच त्याला तेच शिकवलं होतं.

ती एका पायात लोखंड आणि दुसऱ्या पायात काही नाही, अशी ट्रॅकवरून आडवी चालत गेली आणि तिनं दाताळ्याच्या दांड्यावर हात ठेवला.

"बाकीचं सगळं कर," ती म्हणाली. "हा राहू दे."

"किती दिवस?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांचे बुजवले, इव्होर. हा माझा आहे."

इव्होरनं दाताळं उचललं, चराला वळसा घातला, आणि पलीकडून ओढायला सुरुवात केली.